आपल्या माणसाला भाव कसा सांगायचा?



'कामधंदा' सदरासाठी या वेळी लोदहून एका बाईंचा प्रश्न आला आहे. मुलगा सैन्यातून सुटला, त्याने कॅमेरा घेतला आणि आता कुटुंबांचे फोटो काढायचा धंदा करतो म्हणतो. "फोटो छान काढतो हो, पण यात पोट भरेल का?" असं त्या विचारतात. हे सदर लिहिणारे आम्ही दोघं नवरा-बायको बरीच वर्षं हेच काम करतो, तेव्हा या प्रश्नाला उत्तर द्यायला आम्हांला कुणाकडे जावं लागलं नाही.

पोट भरेल. पण फोटो छान निघतो म्हणून नव्हे. छान फोटो आज नातवाच्या हातातला फोनही काढतो. पोट भरेल ते आपल्या तासांचा हिशोब ठेवला तर, आणि त्या हिशोबातून आलेला भाव आपल्याच मावशीसमोर तोंडाने सांगता आला तर. यातली दुसरी गोष्ट जास्त कठीण.

आधी हिशोब. आकडे उदाहरणादाखल आहेत, आपापले घालून पाहावेत. नवीन मुलं सहसा म्हणतात, "दीड तास फोटो काढले, पाचशे शेकेल मिळाले, वाईट काय?" दीड तास कुठला? फोनवर वेळ ठरवण्यात एक तास जातो, जाण्यायेण्यात दीड, फोटो काढण्यात दीड, मग संगणकावर निवडण्यात आणि सुधारण्यात साडेतीन, कुटुंबाला दाखवण्यात एक, पोहोचवण्यात अर्धा. झाले नऊ तास. आता खर्च. कॅमेरा, दोन लेन्सा आणि फ्लॅश मिळून अठरा हजार शेकेल धरा आणि ते चार वर्षं चालतील असं समजा, म्हणजे वर्षाला साडेचार हजार. विमा, सॉफ्टवेअर, डिस्क, हिशोबनीस, जाहिरात यांचे साडेदहा हजार. एकूण पंधरा हजार. वर्षात पंचाहत्तर कुटुंबं आली तर प्रत्येकामागे दोनशे. पेट्रोल पन्नास. पाचशेतून अडीचशे गेले, उरले अडीचशे, भागिले नऊ तास. ताशी अठ्ठावीस शेकेलसुद्धा पडत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये या देशातलं किमान वेतन ताशी ३४.३२ शेकेल झालं. म्हणजे सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसणारी मुलगी या फोटोग्राफरपेक्षा जास्त कमावते, शिवाय तिला मालकाकडून पेन्शनचा वाटा मिळतो आणि कॅमेरा पडून फुटण्याची धास्ती नसते.

मग भाव वाढवायचा, हे आलंच. इथे आपल्या समाजाची खरी अडचण सुरू होते. आपण थोडे लोक. अश्दोद, लोद, रामला, बेएर-शेवा, दिमोना, कुठेही जा, गिऱ्हाईक निघतं ते कुणाच्या तरी आत्याचे व्याही. "अरे, आपलाच पोरगा आहे, काढ की चार फोटो!" यात वाईट हेतू नसतो. आपल्याकडे घरच्या कामाचे पैसे घ्यायचे नसतात, असंच आपण शिकलो. आणि गंमत अशी की विचारणारे नेमके शब्बाथच्या सकाळी सिनेगॉगच्या दारात विचारतात, जिथे पैशाची गोष्ट काढायचीच नसते! आमचं तिथलं उत्तर ठरलेलं आहे: "मजल तोव! रविवारी फोन करतो." रविवारी फोन करायचा आणि त्याच दिवशी छापील दरपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं. तोंडाने भाव सांगताना जीभ अडखळते, कागद अडखळत नाही. शिवाय दरपत्रक एकच असलं की आत्याच्या व्याह्यांना आणि शेजारच्या रशियन कुटुंबाला तोच आकडा दिसतो. समाजात भाव दोन ठेवले तर तिसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं.

नात्याचा मान कसा ठेवायचा मग? आमचं मत असं, की भाव पाडू नये, वस्तू द्यावी. आजीसाठी एक लहान फ्रेम आमच्याकडून भेट. आपल्याला साठ शेकेल पडतात, आजीच्या कपाटावर ती वर्षानुवर्षं राहते आणि येणाराजाणारा विचारतो, फोटो कुणी काढला. दीडशे शेकेलची सूट मात्र महिन्याभरात कुणाला आठवत नाही. आणि एखाद्याची खरोखरच ऐपत नसेल, किंवा घरात आजारपण असेल, तर पूर्ण फुकट काढून द्यावा, आनंदाने. अर्ध्या भावात दोघंही नाराज: त्याला वाटतं जास्त घेतले, आपल्याला वाटतं कमी मिळाले.

आता विकायचं काय, ते पाहू. मुलं विकतात डिस्कवरच्या किंवा फोनवर पाठवलेल्या फाइली, शंभर-शंभर, दोनशे-दोनशे. घरचे त्या एकदा पाहतात आणि विसरतात. मुंबईच्या जुन्या स्टुडिओवाल्यांना हे बरोबर कळलं होतं. बॅलार्ड इस्टेटमधला हॅमिल्टन स्टुडिओ घ्या. तो १९२८ साली काढला बगदादी ज्यू घराण्यातल्या सर व्हिक्टर ससून यांनी. अशा ठिकाणी किंवा ठाण्या-पनवेलच्या साध्या दुकानात, गिऱ्हाइकाच्या हाती पडायचा तो पुठ्ठ्यावर चिकटवलेला कागदी फोटो, पोस्टकार्ड साइझ नाही तर कॅबिनेट साइझ, आणि भाव आकारावर ठरायचा. म्हणून तर आपल्या आजोबांचे ते फोटो अलिया करताना पत्र्याच्या ट्रंकेतून इथवर आले. दहा वर्षांपूर्वीच्या फोनमधले फोटो आज किती जणांना सापडतात, आपणच सांगा.

तेव्हा आमची पद्धत अशी. बैठकीचे चारशे शेकेल वेगळे. आठवड्याच्या आत कुटुंबाला एकत्र बसवून मोठ्या पडद्यावर वीस-पंचवीस फोटो दाखवायचे, दोनशे नव्हे. जास्त दाखवले की लोक गोंधळतात आणि "विचार करून सांगतो" म्हणतात. तिथेच आल्बम आणि भिंतीवरचं मोठं चित्र ठरतं. आल्बम सातशे, प्रयोगशाळेचा खर्च दोनशे वीस. भिंतीवरचं चित्र सहाशे, खर्च एकशे ऐंशी. एकूण आले सतराशे, छपाईचे चारशे आणि आधीचे अडीचशे वजा करा, उरले एक हजार पन्नास. एक तास वाढून दहा तास झाले, तरी ताशी एकशे पाच. कॅमेरा तोच, माणूस तोच. अर्थात प्रत्येक घर आल्बम घेत नाही. तो अंदाज वर्षभराने येतो, म्हणून वही ठेवावी.

हे सगळं नुसतं पैशासाठी सांगत नाही. या पत्रिकेतलं श्रद्धांजलीचं पान आठवा. छापायला येणारे फोटो पाहून पुष्कळदा जीव कळवळतो. कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुपमधून कापलेला चेहरा, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा हात, नाही तर ओळखपत्रावरचा कळकट फोटो. ऐंशी-पंचाऐंशी वर्षं जगलेल्या बाईचा, सहा मुलं आणि वीस नातवंडं असलेल्या बाईचा, एक नीट फोटो घरात नाही! मुलं म्हणतात, "आई नको म्हणायची." आई नको म्हणतेच. तिला "फोटो काढू या" असं विचारायचं नसतं. "नातवंडांना तुझ्याबरोबर बसायचंय" असं म्हटलं, की ती स्वतः पेटीतली चांगली साडी काढते. फोटो काढणाऱ्याला हे बोलणं यायला हवं. त्या लोदच्या मुलाला हिब्रूबरोबर मोडकंतोडकं का होईना, मराठी येत असेल तर तेच त्याचं भांडवल आहे. आजीशी मराठीत बोलला की तिचा चेहरा सैल पडतो. कुठल्याही मोठ्या स्टुडिओला ते जमणार नाही.

तंत्राचं थोडक्यात सांगतो. सगळ्यांचा एकत्र फोटो आधी, पोरं ताजी असतात तोवर. आजीला खुर्ची, आणि तीही पाठीला टेक असलेली. दोन रांगा असतील तर एफ ८ च्या आसपास ठेवा, नाही तर मागची रांग धूसर येते. वाइड लेन्सने जवळून काढू नये, कडेच्या माणसांची डोकी ताणली जातात. मागे सरकावं. आपल्या घरांत आता आजी सावळी, जावई मोरोक्कन, सून रशियाहून आलेली. त्यात बार मित्सवाचा पांढरा तल्लीत असला की कॅमेरा त्या पांढऱ्याला भुलतो आणि चेहरे काळवंडतात. प्रकाश चेहऱ्यावर मोजावा आणि एखाद्याला 'गोरं' करायच्या भानगडीत पडू नये. लोक मागतात, तरी नाही म्हणावं. समोरून फ्लॅश मारला की साडीची जर चमकून पांढरी पडते, तेव्हा उजेड बाजूने द्यावा. मेंदीचा रंग एक-दोन दिवसांत गडद होतो, म्हणून हातांचे फोटो लगेच रात्रीच उरकू नयेत. आणि सगळ्या कुटुंबाला पांढरे शर्ट घालून समुद्रावर उभं करायची जी टूम आहे, ती आम्हांला काही रुचत नाही. पण गिऱ्हाईक मागतं, तर काढतो.

बाहेर काढायचं तर सूर्यास्ताआधीचा तास. जूनमध्ये इथे सूर्य पावणेआठनंतर मावळतो, डिसेंबरात पावणेपाचच्या आधीच. म्हणजे हिवाळ्यात मुलं शाळेतून आणि मोठी माणसं कामावरून येईतो उजेड संपतो, आणि शुक्रवारी तर शब्बाथची घाई. म्हणून हिवाळ्यात घरात, खिडकीपाशी काढायची सवय हवी. लग्नाचे फोटो काढणारे ओमेरच्या दिवसांत आणि तिशा बआवच्या आधीच्या तीन आठवड्यांत रिकामे बसतात. कुटुंबाच्या फोटोला तशी आडकाठी नसते, ते दिवस आपले. रोश हशानाच्या आधीचा महिना आणि मुलगा-मुलगी सैन्यात जाण्याआधीचे आठवडे, या वेळी घरची माणसं आपणहून फोन करतात.

कागदपत्रांत हयगय नको. छोट्या धंद्याला 'ओसेक पातूर' म्हणून नोंद करता येते. त्यात गिऱ्हाइकाकडून मआम घ्यावा लागत नाही. २०२५ साली त्याची मर्यादा वर्षाला १,२०,००० शेकेल होती, ती वेळोवेळी बदलते, आणि ती नफ्यावर नाही, एकूण उलाढालीवर मोजतात. वरच्या हिशोबाने सतराशेची पंचाहत्तर कुटुंबं म्हणजे १,२७,५००, मर्यादा ओलांडलीच. मग 'ओसेक मुर्शे' व्हावं लागतं. मआम जानेवारी २०२५ पासून १८ टक्के आहे, आणि घरगुती गिऱ्हाइकाला तो परत मिळत नाही. सतराशेतच तो धरला तर सुमारे २६० शेकेल त्यात जातात, म्हणून दरपत्रकावर 'मआमसह' हे पहिल्यापासून लिहावं. बितुआह लेउमीत नोंद कामाला लागण्याआधीच करावी. नोंद नसताना कामावर अपघात झाला तर भरपाई मागता येत नाही. सैन्यातून सुटलेल्या मुलांना मिळणारा पिकादोन धंदा सुरू करण्यासाठी वापरता येतो, आणि 'माओफ' केंद्रांत स्वस्तात सल्ला मिळतो. लोदच्या बाईंनी मुलाला नवी लेन्स घेऊ देण्याआधी तिथे पाठवावं.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. २००७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, कुणी सांगून काढून घेतलेलं पोर्ट्रेट किंवा घरगुती समारंभाचा फोटो असेल तर त्याचे हक्क काढून घेणाऱ्याचे असतात, वेगळा करार नसेल तर. म्हणून "फोटो माझा आहे, जास्तीची प्रत माझ्याकडूनच घ्या" अशी दमदाटी चालत नाही. काय दिलं, काय नाही, हे एका पानाच्या कराराने आधीच ठरवावं आणि एक तृतीयांश रक्कम तेव्हाच घ्यावी. तसंच १९८१ चा खाजगीपणाचा कायदा आहे. कुणाचाही फोटो आपल्या जाहिरातीत लावायचा तर त्याची परवानगी हवी, मुलांच्या बाबतीत आई-वडिलांची, लेखी. आत्याचे व्याही असले तरी.

ज्यांच्या घरी मुंबई, अलिबाग, पनवेलकडचे जुने स्टुडिओतले फोटो आहेत, त्यांनी ते काचेला चिकटले असतील तर ओढून काढू नयेत, काचेसकट आणावेत. त्यांच्या नव्या प्रती करून देणं हेही याच धंद्यातलं काम आहे आणि पावसाळी महिन्यांत, बाहेरची बैठक रद्द झाली की, हाताला तेच काम असतं.

प्रश्न नेहमीप्रमाणे मंडळाच्या पत्त्यावर पाठवावेत. पुढल्या अंकात, घरून लोणची-मसाले विकणाऱ्यांना कोणते परवाने लागतात, ते पाहू.