कोट एक, कामे दोन

सप्टेंबरात शिक्षणासाठी ब्रिटनला निघालेल्या मुलांच्या बॅगा भरताना मराठी घरांत एका जाडजूड कोटाची खरेदी हटकून होते. आत कृत्रिम तंतूंचे भरण, बाहेर गुळगुळीत नायलॉन, टोपीला खोट्या केसांची झालर आणि वर दुकानदाराचा शब्द : थंडी वाजणार नाही, पाणीही आत येणार नाही. बसथांब्यापासून वर्गापर्यंतच्या अंतरात या कोटाला नाव ठेवायला जागा नसते. पण नोव्हेंबरातल्या एखाद्या रविवारी मित्रमंडळी पीक डिस्ट्रिक्टच्या माळरानावर चालायला घेऊन गेली, की चढावर तो आतून घामाने भिजतो आणि माथ्यावर बाहेरून पावसाने. यात सगळा दोष दुकानदाराचा नाही. एकाच वस्त्राने ऊबही द्यावी, पाणीही अडवावे आणि वर घामही जिरू द्यावा, ही मागणी निदान दोनशे वर्षे जुनी आहे. इतक्या वर्षांत ती कोणालाही पुरती भागवता आलेली नाही.

आधी तिथल्या पावसाविषयी. लंडनमध्ये वर्षाला पडणारा पाऊस साधारण 600 मिलिमीटर, म्हणजे पुण्यापेक्षाही कमी. लेक डिस्ट्रिक्टमधले सीथवेट हे इंग्लंडमधले सर्वांत पावसाचे वस्तीचे ठिकाण मानले जाते. तिथला साडेतीन हजार मिलिमीटरचा आकडाही महाबळेश्वर पाहिलेल्या माणसाला मोठा वाटणार नाही. सह्याद्रीत भर आषाढात चिंब भिजून हसतखेळत गड उतरणारी पोरे तिथे गाफील राहतात ती याच हिशेबामुळे. आपला पाऊस वीस-बावीस अंशांचा असतो. तिथला हिवाळी पाऊस चार-पाच अंशांचा, आडवा, वाऱ्यावर स्वार होऊन येणारा. पाणी हवेच्या पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. तेव्हा पाऊस किती पडला यापेक्षा तो किती गार होता आणि वारा किती होता, याला महत्त्व.

हौसेने डोंगरात चालणे ही तुलनेने अलीकडची गोष्ट. त्याआधी पावसात उघड्यावर असत ते मेंढपाळ आणि कोळी, आणि दोघांची उत्तरे वेगळी होती. मेंढपाळाचे उत्तर लोकर. तिच्यातला नैसर्गिक तेलकटपणा पाणी काही काळ थोपवतो, आणि ओली झाली तरी ती थोडीफार ऊब धरून ठेवते. आपल्या धनगराची घोंगडी याच गुणावर चालते. दर्यावर्दी मंडळींनी शिडाच्या कापडाला जवसाचे तेल पाजले. ते पाणी अडवी, पण त्यात ऊब शून्य. म्हणजे ऊब एकाकडे आणि पाण्याचा बंदोबस्त दुसऱ्याकडे अशी वाटणी अगदी आरंभापासूनची. पुढचा सगळा इतिहास ही वाटणी मोडण्याच्या खटपटीचा आहे.

पहिली मोठी खटपट ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशची. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी कोळशापासून गॅस काढण्याचे कारखाने तेव्हा जोरात होते आणि त्यातून उरणाऱ्या डांबराचे करायचे काय, हा प्रश्न होता. त्या डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थात रबर विरघळते. मॅकिंटॉशने ते द्रावण दोन कापडांच्या मध्ये सारवले आणि 1823 मध्ये पेटंट घेतले. कारखाना निघाला मँचेस्टरमध्ये, कारण कापड तिथे होते. पाणी खरोखरच आत येईना. पण बाकी सारे बिघडले. हा कोट थंडीत पत्र्यासारखा ताठ व्हायचा, उन्हात चिकट व्हायचा आणि त्याचा वास दुरून ओळखू यायचा. शिंप्यांनी नेहमीच्या सवयीने सुया चालवल्या, त्यामुळे प्रत्येक टाक्यातून पाणी झिरपू लागले. ताठपणा आणि चिकटपणा यांवर इलाज सापडला तो गंधकाबरोबर रबर तापवण्याच्या कृतीत. थॉमस हॅन्कॉकने इंग्लंडमध्ये 1843 ला आणि चार्ल्स गुडइयरने अमेरिकेत 1844 ला तिचे पेटंट मिळवले. शिवणी आतून पट्ट्या चिकटवून बंद झाल्या. घामाचे मात्र काय करायचे, हे कोणालाच सुचले नाही. रबर पावसाला आत येऊ देत नाही तसेच घामाला बाहेर जाऊ देत नाही. बैठ्या माणसाला ते चालेल, चालणाऱ्याला नाही.

थॉमस बर्बरीला हे नेमके कळले. बेसिंगस्टोकमध्ये 1856 साली दुकान काढलेल्या या कापडवाल्याने 1879 मध्ये गॅबार्डीन आणले. कापड विणून मग त्याला लेप देण्याऐवजी त्याने आधी सूतच जलरोधक केले आणि मग ते दाट विणले. हे कापड मुसळधार पावसात हरत असे, पण वारा अडवी आणि अंगाची वाफ सोडी. म्हणजे थोडे पाणी आत येईल हे मान्य करून त्याने घामाचा प्रश्न सोडवला. माझ्या मते या दोनशे वर्षांतला हा सर्वांत शहाणा सौदा. दक्षिण ध्रुवावर 1911 मध्ये पोहोचलेल्या आमुन्सेनच्या सामानात गॅबार्डीन होते. 1924 मध्ये एव्हरेस्टवर नाहीशा झालेल्या जॉर्ज मॅलरीचा देह 1999 मध्ये सापडला, तेव्हा अंगावर रेशमी व लोकरी कपड्यांचे थरावर थर आणि त्यावर गॅबार्डीन अशी रचना आढळली. ‘ट्वीडच्या कोटात एव्हरेस्टवर गेलेले भाबडे लोक’ ही त्यांच्याविषयीची थट्टा त्या दिवशी संपायला हवी होती. ऊब आतल्या थरांत आणि वाऱ्याचा बंदोबस्त वरच्या कापडात, ही रीत त्यांना पक्की ठाऊक होती. मॅलरी नाहीसा होण्याच्या दोन वर्षे आधी, 1922 च्या मोहिमेत जॉर्ज फिंचने फुग्याच्या कापडात बदकाची पिसे भरून कोट शिवला होता. सोबत्यांनी आधी त्याची टर उडवली, नंतर त्याचा हेवा केला. पिसांचा कोट हिवाळ्यातल्या ब्रिटिश पदयात्रिकाला मात्र फारसा उपयोगी नाही, कारण भिजली की पिसे लगदा होऊन बसतात.

त्याच सुमारास कोटाच्या बाजारात दोन जगे झाली होती. साउथ शील्ड्सला जॉन बार्बरने 1894 मध्ये खलाशी आणि गोदी कामगारांसाठी सुरू केलेला तेलकट कापडाचा धंदा पुढे जमीनदारांच्या शिकारीचा पोशाख बनला. मेण दिलेला तो हिरवट कोट आजही ब्रिटिश खेड्यातल्या सुखवस्तूपणाची खूण आहे. कुत्रे घेऊन कुंपणाच्या कडेने तासभर फिरायला तो उत्तम, टिकतो दोन पिढ्या. पण दरवर्षी मेण चढवावे लागते, धुलाईयंत्रात टाकता येत नाही आणि चढावर तो अंगाला जड होतो. दुसरे जग होते मँचेस्टर आणि शेफील्डच्या कामगारांचे. गिरणीच्या धुरातून रविवारी बाहेर पडून डोंगरावर जावे, तर डोंगर जमीनदारांच्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेले. 24 एप्रिल 1932 रोजी बेनी रॉथमन आणि इतर शेकडो जण किंडर स्काउटच्या पठारावर मुद्दाम घुसले. पाच जणांना कैद झाली. राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण भागात प्रवेशाचा कायदा 1949 मध्ये आला, त्यामागे या तरुणांचा रेटा होता. पावसाळी कोटाचा कारखाना आणि कोटावाचून डोंगरावर निघालेला कामगार, दोन्ही एकाच शहरातले.

मँचेस्टरनेच पुढे व्हेंटाइल दिले. दुसऱ्या महायुद्धात उत्तरेच्या गोठत्या समुद्रात पडलेले वैमानिक काही मिनिटांत दगावत. त्यांच्या पोशाखासाठी शर्ली इन्स्टिट्यूट या कापूस संशोधन संस्थेने लांब धाग्याच्या कापसाचे इतके दाट कापड विणले, की भिजताच तंतू फुगून छिद्रे आपोआप बंद व्हावीत. लेप नाही, रबर नाही, नुसता कापूस. लांब धाग्याचा, हे महत्त्वाचे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात वऱ्हाड-खानदेशचा आखूड धाग्याचा कापूस मुंबईहून लँकेशायरला गेला तेव्हा तिथले कामगार त्याच्या नावाने बोटे मोडत होते. व्हेंटाइल आजही मिळते, महाग असते आणि पूर्ण भिजल्यावर ताठ होते.

या सगळ्यातून आपण काय घ्यायचे, हे ठरवणारी घटना मात्र कोणत्याही कापडाच्या शोधाची नाही. मार्च 1964 मध्ये पीक डिस्ट्रिक्टमध्ये, किंडरच्या त्याच पठारावरून आणि ब्लीकलोवरून, चार जुन्या खाणावळींना जोडणारी स्काउटांची लांब पल्ल्याची चालण्याची स्पर्धा होती. थंडी, वारा आणि पाऊस एकत्र आले आणि तीन तरुण थंडीने गारठून मेले. मुले धडधाकट, सराव केलेली. ग्रिफिथ प्यू या शरीरशास्त्रज्ञाने, म्हणजे 1953 च्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेतल्या वैज्ञानिकाने, या मृत्यूंचा अभ्यास केला आणि प्रयोगशाळेत तशीच परिस्थिती उभी करून पाहिली. कपडे ओले आणि वारा चालू, अशा स्थितीत त्यांची ऊब राखण्याची शक्ती कोरड्याच्या मानाने अगदी थोडी उरते. माणूस जोरात चालत असतो तोवर शरीरात तयार होणारी उष्णता हा तोटा भरून काढते. तो दमला आणि वेग मंदावला, की हिशेब एकदम उलटतो. त्यानंतरची घसरण फार वेगाने होते, आणि ज्याची होते त्याला ती कळत नाही.

याचा अर्थ असा, की चालताना ऊब कोट देत नाही, पाय देतात. कोटाचे काम ती वारा-पावसाला न देणे एवढेच. जाड भरणाचा जलरोधक कोट चालताना अंगाला घामाने भिजवतो आणि थांबल्यावर त्याच घामाने गारठवतो, म्हणजे दोन्ही वेळा चुकीचे काम करतो.

आता गोअर-टेक्स. बॉब गोअरने 1969 मध्ये टेफ्लॉनच्या जातीच्या प्लास्टिकची तापवलेली कांडी झटक्यात ताणली आणि तिचा सूक्ष्म छिद्रांचा पडदा बनला. वाफेला जाण्याइतकी मोठी, थेंबाला येण्यास फार लहान, अशी छिद्रे. 1976 पासून त्याचे कपडे विक्रीला आले, आणि मॅकिंटॉशचा प्रश्न सुटला असे सगळ्यांना वाटले. पहिले कोट अंगाच्या तेलकटपणाने गळू लागले म्हणून पडद्यावर आणखी एक थर द्यावा लागला. त्याहून मोठी अडचण भौतिकशास्त्राची आहे. वाफ बाहेर जाते ती आत दमट आणि बाहेर कोरडे असेल तर. इंग्लंडच्या पावसात बाहेरची हवाही ओलीच असते, आणि वरचे कापड पाणी पिऊन बसले तर पडदा कितीही उत्तम असो, आतली वाफ आतच राहते. म्हणून वरच्या कापडाला पाणी झटकणारा लेप देतात. चाळीसेक वर्षे हा लेप फ्लोरिनयुक्त रसायनांचा होता, आणि ती रसायने निसर्गात विघटित होत नाहीत, पाण्यात आणि रक्तात साठतात, हे आता सिद्ध झाले आहे. फ्रान्सने अशा रसायनांच्या कपड्यांवर 1 जानेवारी 2026 पासून बंदी घातली आहे. कॅलिफोर्नियाने 2025 पासून घातली, पण अतिवृष्टीत वापरायच्या कपड्यांना 2028 पर्यंत सवलत दिली. म्हणजे पाऊस अडवायला दुसरे काही तितकेच चांगले नाही, ही कबुलीच. नवे लेप पाणी झटकतात, तेल आणि मळ मात्र पूर्वीइतके नाही. म्हणून नवा कोट जुन्यापेक्षा अधिक वेळा धुवावा लागतो. ‘धुतला तर खराब होईल’ ही आपल्याकडची समजूत इथे नेमकी उलटी ठरते : न धुतलेला कोट लवकर गळतो. धुताना नेहमीची पावडर नको. तिचा उरलेला अंश पाणी ओढतो.

तेव्हा ज्याला ब्रिटनच्या डोंगरात हिवाळ्यात चालायचे आहे, त्याने उबदार आणि जलरोधक असा एक कोट शोधणे सोडून द्यावे. आत लोकरीचा बनियन, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, वर बिनभरणाचा पातळ जलरोधक कोट, आणि थांबल्यावर घालायला पिशवीत एक भरणाचे जाकीट, ही मॅलरीच्या काळची वाटणीच आजही सर्वांत भरवशाची आहे. लेबलावरचा 10,000 मिलिमीटरचा आकडा म्हणजे दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ कापड पेलते. तेवढे पुरे आहे; वीस हजारांसाठी जास्त पैसे मोजण्यापेक्षा टोपीला ताठ कड आहे का, मान वळवली तर टोपी बरोबर वळते का, काखेत हवा खेळायला चेन आहे का, शिवणी आतून पट्टीने बंद आहेत का, हे पाहावे. आणि पायांना विसरू नये. सुती जीन्स भिजली की वाळत नाही, आणि चालणाऱ्या माणसाचे सर्वांत मोठे स्नायू तिच्याच आत असतात. दोन महागड्या गुणांच्या एका कोटावर खर्च होणाऱ्या पैशांत मध्यम प्रतीचा पातळ कोट आणि पावसाळी विजार दोन्ही येतात. खरेदीला जाताना मात्र घरातला सर्वांत जाड स्वेटर अंगात घालून जावे, आणि त्यावरून कोट चढवून दोन्ही हात डोक्यावर नेऊन पाहावे.