विश्लेषण : बिअरच्या ग्लासशेजारी घडीचा चाकू... छंद कुठे संपतो आणि गुन्हा कुठे सुरू होतो?

लाकडी टेबलावर फेसाळ बिअरचा ग्लास, बाजूला चीजचा तुकडा आणि त्याशेजारी शिंगाच्या मुठीचा, जुन्या वळणाचा घडीचा चाकू. पारंपरिक चाकूंचे शौकीन अशी छायाचित्रे समाजमाध्यमांवर हौसेने टाकतात. आज कोणती बिअर आणि खिशात कोणता चाकू, एवढेच त्यांना सांगायचे असते. पण चाकूहल्ल्यांनी हैराण झालेल्या ब्रिटनमध्ये याबाबतचे कायदे सातत्याने कडक होत आहेत. तिथे हेच छायाचित्र घरात काढले तर छंद आणि पबमध्ये काढले तर कदाचित गुन्हा ठरू शकतो. हा फरक पात्याची लांबी आणि एक छोटासा खटका यांवर ठरतो.

चाकू आणि पेयांचे नाते कुठून आले?

हे नाते समाजमाध्यमांच्या कितीतरी आधीचे आहे. स्वित्झर्लंडमधील कार्ल एल्सनर यांनी १८९१ मध्ये स्विस सैन्याला घडीचे चाकू पुरवायला सुरुवात केली. १८९७ मध्ये त्यांनी अधिकाऱ्यांसाठी जो हलका चाकू नोंदवला, त्यात वाइनच्या बाटलीचे बूच काढण्याचा स्क्रू होता. साध्या सैनिकाच्या चाकूत तो नव्हता. फ्रान्समधील लाग्योल चाकूलाही एकोणिसाव्या शतकातच असा स्क्रू जोडला गेला. बिअरच्या बाटलीला पत्र्याचे झाकण आले ते १८९२ नंतर, विल्यम पेंटर यांच्या पेटंटमुळे. पुढे ते उघडण्याचा ओपनरही स्विस चाकूत आला. म्हणजे बाटली उघडणे, पाव-चीज कापणे, सफरचंदाच्या फोडी करणे, ही सगळी या चाकूची रोजची कामे होती. युरोपातील शेतकरी, कामगार, खलाशी यांच्या खिशात तो असायचा तो यासाठीच.

या गोष्टीत शेफिल्डचे स्थान काय?

इंग्लंडमधील शेफिल्ड शहरात चाकू आणि बिअर या दोन्ही परंपरा अक्षरशः एकाच मोहल्ल्यात भेटतात. तिथल्या चाकू-कात्री कारागिरांची ‘कंपनी ऑफ कटलर्स’ ही संघटना १६२४ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झाली. गंज न चढणाऱ्या पोलादावरचे हॅरी ब्रिअर्ली यांचे काम १९१३ मध्ये याच शहरात झाले. भाड्याच्या छोट्या खोलीत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कारागिराला तिथे ‘लिटल मेस्टर’ म्हणत. त्या पिढीतील नामवंत कारागीर स्टॅन शॉ यांचे २०२१ मध्ये निधन झाले. आता असे कारागीर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत.

शेफिल्डच्या केलम आयलंड भागातील कारखाने बंद पडले आणि त्याच भागात बिअरने बाळसे धरले. डेव्ह विकेट यांनी १९८१ मध्ये तिथे ‘फॅट कॅट’ हा पब सुरू केला आणि १९९० मध्ये त्याच्या शेजारी केलम आयलंड ब्रुअरी काढली. या ब्रुअरीची ‘पेल रायडर’ २००४ मध्ये ब्रिटनची सर्वोत्कृष्ट बिअर ठरली. २०२२ मध्ये ब्रुअरी बंद झाली, पण ‘पेल रायडर’ जवळच्या थॉर्नब्रिज ब्रुअरीने वाचवली. थॉर्नब्रिजची सर्वात गाजलेली बिअर म्हणजे ‘जयपूर’. हे नाव आले ते एकेकाळी इंग्लंडहून जहाजाने भारतात येणाऱ्या ‘इंडिया पेल एल’ या प्रकारावरून.

ब्रिटनचा कायदा नेमका काय सांगतो?

१९८८ च्या ‘क्रिमिनल जस्टिस’ कायद्यातील कलम १३९ नुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये सबळ कारणाशिवाय सार्वजनिक ठिकाणी पाते असलेली वस्तू बाळगणे हा गुन्हा आहे. त्यासाठी चार वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. एका वस्तूला मात्र यातून सूट आहे. ती म्हणजे ज्याची धार तीन इंच, म्हणजे ७.६२ सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही असा घडीचा खिशातला चाकू. तो बाळगण्यासाठी कारण द्यावे लागत नाही.

घडीचा चाकू म्हणजे काय, हा प्रश्न न्यायालयात गेला. १९९३ च्या ‘हॅरिस’ खटल्यात निकाल लागला की, पाते कधीही केवळ दाबून मिटता आले तरच तो चाकू या सवलतीत बसतो. खटका दाबून किंवा कडी फिरवून पाते सोडवावे लागत असेल, तर लांबी कितीही कमी असली तरी सूट नाही.

शेफिल्डचे पारंपरिक चाकू या व्याख्येत चपखल बसतात. त्यांच्या पाठीला एक पोलादी स्प्रिंग असते. ती नुसत्या दाबाने पाते उघडे ठेवते, त्याला कुलूप लावत नाही. उलट ओपिनेल हा फ्रान्सचा साधा, लाकडी मुठीचा चाकू सहलीला जाणाऱ्यांचा लाडका असला, तरी त्याच्या मधल्या आणि मोठ्या आकारांना १९५५ पासून पाते पक्के करणारी फिरती कडी आहे. त्यामुळे सबळ कारणाशिवाय तो खिशात घालून पबमध्ये जाणे अडचणीचे ठरते. खरे तर अशी कडी असते ती वापरणाऱ्याची बोटे वाचावीत म्हणून. पण उघडे पाते पक्के झाले की चाकू भोसकण्यासाठीही भरवशाचा होतो, आणि कायद्याला काळजी आहे ती त्याची.

कायदे आणखी कडक का होत आहेत?

ब्रिटनमध्ये चाकूहल्ल्यांत तरुण मुले बळी पडत आहेत. २०२२ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टन येथे रोनन कांडा या १६ वर्षांच्या मुलाची चुकीच्या ओळखीतून हत्या झाली. त्यासाठी वापरलेले शस्त्र ऑनलाइन मागवलेले होते. जुलै २०२४ मध्ये साउथपोर्ट येथे तीन लहान मुली मारल्या गेल्या. तिथेही आरोपीने अल्पवयीन असताना चाकू ऑनलाइन विकत घेतला होता. त्यानंतर २४ सप्टेंबर २०२४ पासून ‘झॉम्बी’ पद्धतीचे चाकू आणि कोयते, तर १ ऑगस्ट २०२५ पासून ‘निन्जा’ तलवारी घरात ठेवण्यावरही बंदी आली. ऑनलाइन विक्रीत वयाची कसून पडताळणी, अल्पवयीनांना चाकू विकणाऱ्यांना जास्त शिक्षा असे उपायही सरकारने जाहीर केले. दहा वर्षांत चाकूगुन्हे निम्म्यावर आणण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे.

यात खिशातला छोटा चाकू कुठे येतो? चाकूने होणाऱ्या खुनांत सर्वाधिक वापरला जातो तो स्वयंपाकघरातला साधा चाकू. म्हणूनच अभिनेता इद्रिस एल्बा यांनी घरगुती चाकूंना टोकच नसावे, अशी सूचना केली. गंमत म्हणजे शेफिल्डकडे अशी रचना पूर्वीपासून आहे. ‘लॅम्बफूट’ प्रकारच्या पात्याची धार सरळ असते आणि त्याला भोसकण्याजोगे अणकुचीदार टोक नसते.

मग पबमध्ये चाकू काढला तर काय होईल?

तीन इंचांच्या आतला, खटका नसलेला चाकू जवळ असणे गुन्हा नाही. पण कायदा तिथेच थांबत नाही. कोणतीही वस्तू इजा करण्याच्या हेतूने बाळगली, तर १९५३ च्या कायद्यानुसार ती शस्त्र ठरते. चाकू दाखवून धमकावणे हाही गुन्हाच. गर्दीच्या पबमध्ये दोन ग्लास पोटात गेलेल्या माणसाच्या हातातले उघडे पाते पाहून शेजारचा घाबरला, तर पुढचा खुलासा पोलिसांसमोर करावा लागू शकतो. पबचालकही अशा ग्राहकाला बाहेर काढू शकतो.

दुसरा मुद्दा स्वतःच्या बोटांचा. खटका नसलेला चाकू चुकीच्या बाजूने दाब पडला तर बोटांवरच मिटतो. दारूने हात आणि अंदाज दोन्ही सैल होतात. त्यामुळे आधी कापणे, चाकू पुसून मिटवणे आणि मग ग्लास उचलणे, हा क्रम शहाणपणाचा. कॉकटेलसाठी लिंबू कापल्यावर तर लगेच पुसायला हवे, कारण जुन्या पद्धतीच्या कार्बन पोलादावर आंबट रसाचे काळे डाग पडतात.

मराठी वाचकांनी काय लक्षात ठेवावे?

शिक्षणासाठी किंवा फिरायला ब्रिटनला जाणाऱ्यांनी बॅगेतला चाकू आधी तपासावा. पाते खटक्याने पक्के होत असेल, तर तो घरीच ठेवलेला बरा. छोटा चाकूही विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही. भारतातील नियम वेगळे आहेत. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रे येतात. घरगुती आणि शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. मात्र महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असताना सार्वजनिक ठिकाणी चाकू-सुरे बाळगण्यावर बंदी येऊ शकते.

पुढे काय?

मे २०२४ मध्ये व्हिक्टोरिनॉक्स कंपनीच्या प्रमुखांनी पाते नसलेल्या खिशातल्या अवजारावर काम सुरू असल्याचे सांगितले. अनेक देशांतील निर्बंध आणि पात्यामुळे तयार होणारी शस्त्राची प्रतिमा, ही त्यामागची कारणे होती. बाटली उघडेल पण चीज कापणार नाही, असा स्विस चाकू उद्या खिशात दिसू शकतो. शेफिल्डच्या कारागिरांपुढचा पेच याहून अवघड आहे. त्यांच्याकडे विकायला पात्याशिवाय दुसरे काही नाही. १९८८ च्या कायद्यातील तीन इंचांची सवलत जोवर शाबूत आहे, तोवर त्यांचा चाकू ब्रिटिशांच्या खिशात राहील. ती सवलत टिकवायची असेल, तर तो चाकू चीज आणि सफरचंद कापण्यासाठीच बाहेर निघतो, हे बाळगणाऱ्यांनाच वागण्यातून दाखवून द्यावे लागेल.