साखर तपासता, मग हिरड्याही पाहा

परतूरच्या बाजारात येणाऱ्या शेतकऱ्याचे दात पन्नाशीतच हलू लागले, तर घरचे म्हणतात, वय झालं. हे मला मान्य नाही. दात वयाने पडत नाहीत. हिरडीखाली साचलेल्या जंतूंच्या थरामुळे सूज येते, ती मुळापर्यंत उतरते आणि दात धरून ठेवणारं हाड झिजतं. हे सगळं बहुधा न दुखता घडतं. मराठवाड्यात त्यात मिश्रीची भर पडते. भाजलेल्या तंबाखूची ही पूड ठणका तेवढा बधिर करते, हिरडी मात्र मुळावरून मागे सरकत जाते. दंतमंजनात तंबाखू घालण्यावर 1992 पासून बंदी आहे. चुलीवर भाजलेल्या मिश्रीला ती कशी अडवणार?

मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात, हे आता पक्कं ठाऊक आहे. म्हणून ग्रामीण रुग्णालयात साखर तपासायला आलेल्या प्रत्येकाच्या हिरड्याही पाहायला हव्यात. कर्मचाऱ्यांवर आधीच भार आहे, हा आक्षेप खरा आहे. पण ‘ब्रश करताना रक्त येतं का, दात हलतो का, मिश्री लावता का’ एवढं विचारायला मिनिटभर पुरतं. पुढचं दंतवैद्य पाहील. दात साफ केल्याने ते सैल होतात, ही भीतीही घरोघरी आहे. दात आधीच सैल झालेले असतात. कीटण निघाल्यावर ते जाणवतं, एवढंच. झिजलेलं हाड सहसा पूर्ववत होत नाही, म्हणून हे प्रश्न पहिल्या रक्ताच्या थेंबालाच विचारले गेले पाहिजेत, आणि तेही आधी मिश्री लावणाऱ्या बायकांना, कारण घरात त्यांचं दुखणं सर्वांत शेवटी ऐकलं जातं.