डावा खांदा, उजवी बंदूक

संत्र्याची बाग लावणे जितके कष्टाचे, तितकेच ती राखणेही कष्टाचे आहे, हे नरखेड तालुक्यातील शेतकऱ्याला कोणी सांगावयास नको. बागेलगतचा हरभरा, मका किंवा भुईमूग रानडुकरांचा कळप एका रात्रीत उकरून टाकतो आणि घरातील कर्त्या माणसाला जागलीला जावे लागते. अशा घरांपैकी काहींत परवान्याची बारा बोअरची बंदूक असते. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची अनुमती नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार रानडुक्कर मारण्यासाठी वनाधिकाऱ्यांची स्वतंत्र परवानगी लागते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु जी बंदूक कायदेशीरपणे हाती येते, ती कोणाच्या खांद्यासाठी घडविलेली असते, हा प्रश्न मात्र आपण कधी विचारीत नाही.

दर दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो. बंदुकीचा दस्ता मात्र बहुधा उजव्या खांद्याच्या हिशेबाने बनविलेला असतो. नेमबाजाचा डोळा नळीच्या बरोबर वर यावा म्हणून दस्त्याला काही मिलिमीटर उजवीकडे बाक दिलेला असतो. डावखुऱ्याला हाच बाक डावीकडे हवा. तो न मिळाल्यास त्याचा डोळा नळीच्या उजवीकडे राहतो आणि छर्रे उजवीकडे जातात. छऱ्यांच्या बंदुकीला मागची माशी नसते. डोळा हीच मागची माशी. डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंतचे अंतर सुमारे एक मीटर धरले, तर डोळ्याच्या जागी झालेली तीन मिलिमीटरची चूक तीस मीटरवर नऊ सेंटिमीटरची होते. एवढ्या फरकाने जनावर मरण्याऐवजी जखमी होते. जखमी रानडुक्कर अंगावर येते आणि भरकटलेले छर्रे शेजारच्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या माणसालाही लागू शकतात. नेम चुकला की आपण माणसाला दोष देतो. दस्त्याकडे कोणी पाहत नाही.

डावखुऱ्याने बंदूक निवडताना तिची रचना प्रथम पाहावी. आपोआप भरणाऱ्या बंदुकीतून रिकामे काडतूस बहुधा उजव्या बाजूने बाहेर फेकले जाते, म्हणजे डावखुऱ्याच्या तोंडासमोरून जाते. एकावर एक नळ्या असलेली दुनळी, जिला ओव्हर-अंडर म्हणतात, मधोमध मोडून उघडते आणि काडतुसे मागच्या बाजूने निघतात. तिच्यावरून दिसणारी नेमाची रेघ एकच आणि अरुंद असते. सुरक्षेचा खटका पाठीवर, मधोमध असल्याने तो कोणत्याही अंगठ्याला सोयीचा पडतो. उघडण्याची कळ उजवीकडे सरकते, ही एक अडचण. पण सरावाने डाव्या हाताला तिचे वळण पडते. मुठीवर उजव्या तळव्यासाठी फुगवटा दिलेला असेल, तर मात्र ती बंदूक डावखुऱ्याने घेऊ नये.

यापुढची पारख घरच्या घरी करता येते. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करावी, डोळे मिटावे, बंदूक सहजपणे डाव्या खांद्याला लावावी आणि मग डोळे उघडावे. माशी नळीवर मधोमध दिसली तर दस्ता अंगाला बसतो. मान वाकवावी किंवा ताणावी लागत असेल, तर तो बसत नाही. बंदूक खांद्याला असताना नाक आणि अंगठा यांत दोन-तीन बोटांचे अंतर असावे.

त्याहीआधी आपला मुख्य डोळा कोणता, हे पाहून घ्यावे. दोन्ही तळव्यांत लहानसा झरोका धरून त्यातून दूरची वस्तू पाहावी आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटावा. जो उघडा असताना वस्तू जागेवर राहते, तो मुख्य डोळा. डाव्या हाताने लिहिणाऱ्या प्रत्येकाचा मुख्य डोळा डावाच असतो असे नाही. सचिन तेंडुलकर डाव्या हाताने लिहितो आणि उजव्या हाताने फलंदाजी करतो, हे सर्वांना ठाऊक आहे. म्हणून खांदा ठरवावयाचा तो पारख करून, समजुतीने नव्हे.

कोणी म्हणेल, डावखुऱ्याने सवय बदलावी. 1909 साली बोटीवर ‘हिंद स्वराज’ लिहिताना उजवा हात थकला तेव्हा गांधीजींनी डाव्या हाताने लेखन चालू ठेवले होते. खरे आहे, पण लेखणी सावकाश चालविता येते. अंधारात जनावर समोर आल्यावर अर्ध्या क्षणात डोळा बदलता येत नाही. शाळेत डाव्या हातावर पट्टी मारणाऱ्या गुरुजींनी जी चूक केली, तीच चूक आपण शेताच्या बांधावर का करावी?

परदेशी ओव्हर-अंडर सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर आहे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु आहे त्या बंदुकीचा अक्रोडाचा दस्ता ऊब देऊन वाकविता येतो, त्याची लांबी कमी-अधिक करता येते. हे काम दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावे. गावच्या सुताराकडे बंदूक नेणे कायद्यात बसत नाही आणि शहाणपणातही बसत नाही. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार पित्याच्या हयातीतही, त्याच्या वयाच्या सत्तरीनंतर किंवा परवान्याला पंचवीस वर्षे झाल्यावर, बंदूक मुलाच्या नावे करण्याची सोय आहे. बंदूक वारशाने येते. खांदा आणि डोळा मात्र ज्याचा त्याचा असतो.

याच नियमांनी परवान्यापूर्वी सुरक्षेचे प्रशिक्षण आवश्यक केले आहे. त्या प्रशिक्षणात प्रत्येकाचा मुख्य डोळा तपासावा आणि दस्ता त्याच्या अंगाला बसतो की नाही हे पाहावे, एवढीच मागणी आहे. त्यासाठी नवा कायदा नको, मोठा खर्चही नको. हत्यार माणसाच्या मापाचे असावे, ही गोष्ट विळा घडविणाऱ्या लोहारालाही कळते. ज्या हत्यारात जीव घेण्याची शक्ती आहे, त्याच्या बाबतीत तरी ती शासनाने विसरू नये.