टीबीचा दोष रुग्णाला देऊ नका

"ते लोक स्वच्छता पाळत नाहीत, म्हणून त्यांना टीबी होतो." हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित बोललाही असाल. ते साफ चूक आहे.

टीबीचे जंतू हवेतून पसरतात. रुग्ण खोकला की ते बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. खेळती हवा त्यांना विरळ करते, ऊन त्यांना मारतं. म्हणजे प्रश्न साबणाचा नाही, खिडकीचा आहे. आणि खिडकीसमोर काय बांधायचं, हे रुग्ण ठरवत नाही.

मुंबईतलं गोवंडी-मानखुर्द पाहा. १९२७ पासून शहराचा कचरा देवनारला टाकला जातो. रस्त्यांसारख्या प्रकल्पांत ज्यांची घरं गेली, त्यांतल्या अनेकांना इथल्याच पुनर्वसन इमारतींत पाठवलं. नटवर पारेख कंपाउंडसारख्या ठिकाणी इमारती इतक्या चिकटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन पोचतच नाही. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच एम-पूर्व वॉर्ड तळाशी होता. हा योगायोग नाही. शहराला जे नको असतं ते एकाच कोपऱ्यात ढकललं जातं: आधी कचरा, मग माणसं.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी आणि औषधं मोफत आहेत. बरं वाटलं तरी गोळ्या मध्येच सोडू नका.

पण गोळ्यांनी जंतू मरतात, भिंती मागे सरकत नाहीत. म्हणून मत मागायला येणाऱ्याला विचारा: दोन इमारतींत अंतर किती ठेवणार?