तारीख तटस्थ नसते

‘दामिनी’ १९९३ सालचा. त्यातला कोर्टाच्या तारखांवरचा संवाद आज तुमच्या फोनवर मीम होऊन फिरतो. आपण हसतो आणि धरून चालतो की पुढची तारीख पडली म्हणजे दोन्ही बाजू सारख्याच भरडल्या जातात. हे साफ खोटं आहे.

नेवासा तालुक्यातला एक दावा कल्पून बघा. मुळा कालव्याखालची जमीन, त्यात ऊस. वडील गेले, ताबा भावाकडे. गंगापूरला दिलेली बहीण नेवाशाच्या दिवाणी कोर्टात वाटपाचा दावा लावते. कायदा तिच्या बाजूचा आहे. २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहहिस्सेदार झाली. त्यासाठी वडील तेव्हा हयात असण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सांगून टाकलं.

मग भावाकडून मुदतीचा अर्ज येतो. मंजूर. त्या हंगामाचा ऊस कारखान्याला जातो आणि बिल भावाच्या खात्यावर जमा होतं. बहिणीचा मात्र दिवस बुडतो. २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, खेटे पूर्णच राहिले. मधल्या वर्षांच्या उत्पन्नाचा हिशेब तिला मागता येतो, पण तोही कोर्टातच, नव्या तारखांवर. ताबा ज्याचा, तारीख त्याची. न्यायाधीशांनी निकालाचा एक शब्द लिहिलेला नसतो, तरी एक बाजू रोज जिंकत असते.

यावर कायदा गप्प आहे का? मुळीच नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १७ वाचा. सुनावणीत एका पक्षकाराला तीनपेक्षा जास्त मुदती द्यायच्या नाहीत. पुरावा सुरू झाला की हजर साक्षीदार संपेपर्यंत काम रोज चालवायचं. वकीलसाहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, हे मुदतीचं कारणच नव्हे. सेलम बार असोसिएशनच्या निकालात, २००५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने तीनच्या मर्यादेला अपवादात्मक परिस्थितीपुरती सवलत दिली. आपण त्या अपवादात संसार थाटला.

‘न्यायाधीशच कमी आहेत’ हे उत्तर ठरलेलं असतं. ते खरंही आहे. तालुक्याचे दिवाणी न्यायाधीश बहुधा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात. सकाळी रिमांड, मग चेक बाउन्स, मग दिवाणी दावे. जागा भरायलाच हव्यात. पण माणसं कमी असतील तर वेळेची आखणी जास्त काटेकोर हवी, ढिली नव्हे.

खरी गोम बोर्डात आहे. एका दिवसात उरकणार नाहीत इतकी प्रकरणं बोर्डावर लावली की बोर्डावरचा विश्वास उडतो. आपला नंबर लागणार नाही, हे धरून वकील त्याच दिवशी तीन कोर्टांची कामं घेतात. साक्षीदाराला कोणी आणत नाही. न्यायाधीशांनाही वेळ नसतो, म्हणून मुदत मिळते. उद्याचा बोर्ड आणखी लांबतो. यात एकटा कोणी खलनायक नाही, म्हणूनच हे बिनबोभाट चालतं.

उपाय साधा आहे. दाव्यांचे प्रकारानुसार गट पाडा. त्याच सेलम प्रकरणात न्या. जगन्नाथ राव समितीच्या आदर्श नियमांनी हेच सुचवलं होतं. उलटतपासाच्या दिवशी मोजकीच प्रकरणं लावा, दोन्ही वकिलांना विचारून तारीख ठरवा आणि तासही सांगा. एवढं केल्यावर मग हयगय नको. खरं आजारपण असेल तर मुदत जरूर द्या, पण कारण रोजनाम्यात लिहा. बाकीच्यांना खर्च बसवा. कलम ३५ ब खाली बसवलेला खर्च भरल्याशिवाय पुढे दावा किंवा बचाव चालवता येत नाही. हे हत्यार गंजू देऊ नका.

घाईत गरिबाचाच बळी जाईल, अशी भीती घातली जाते. पण इथे घाई कोणी मागितलीय? न्यायाला वेळ लागतोच. हरकत आहे ती कोर्टाने दिलेला वायदा कोर्टातच मोडण्याला.

तुमच्या घरातही एखादा दावा असेल. ईकोर्ट्स ॲप उघडा, सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाका. आतापर्यंतच्या तारखा आणि त्या कशासाठी होत्या, ते दिसेल. मग वकिलांना ‘पुढची तारीख कधी?’ एवढंच विचारू नका. मागची कोणी मागितली, कारण काय दिलं आणि खर्च किती बसला, हे विचारा. उत्तर द्यायला ते अडखळले, तर समजा की प्रश्न बरोबर होता.