पदार्थविज्ञानाचें पुराण

अलीकडे आपल्या शहरांतून पदार्थविज्ञानावरील जाहीर व्याख्यानांना चांगले दिवस आले आहेत. २८ फेब्रुवारी हा दिवस १९८७ पासून विज्ञानदिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास तर कृष्णविवरांवर किंवा विश्वाच्या उत्पत्तीवर कोठें ना कोठें व्याख्यान ठरलेलेंच. सभागृहें भरतात, वर्तमानपत्रांत छायाचित्रें येतात, आणि समाजांत शास्त्रीय दृष्टि वाढीस लागल्याबद्दल सर्वजण एकमेकांचें अभिनंदन करितात. ह्या आनंदांत मिठाचा खडा टाकणें आम्हांस सुखाचें वाटत नाहीं. तथापि तो टाकल्यावांचून गत्यंतर नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, ह्यांपैकीं पुष्कळशा व्याख्यानांनीं शास्त्र पसरत नाहीं. पसरतें तें एक नवें पुराण, आणि श्रोते जसे भाविक म्हणून येतात तसेच भाविक म्हणून घरीं जातात.

हें कठोर वाटेल, म्हणून अशा एका सभेचें चित्रच वाचकांपुढें ठेवितों. वेळ सहाची, पहिलीं पंधरा मिनिटें अध्यक्षांची वाट पाहण्यांत जातात. मग दीपप्रज्वलन, ईशस्तवन, परिचय, शाल आणि श्रीफळ. प्रास्ताविक करणारे गृहस्थ आपणांस ह्या विषयांतलें कांहीं कळत नाहीं असें विनयानें सांगून त्याच विषयावर वीस मिनिटें बोलतात. नंतर वक्ते उठतात आणि गणित मुळींच येणार नाहीं असें पहिल्याच वाक्यांत अभय देतात. पुढें तासभर पडद्यावर रंगीबेरंगी चित्रें झळकतात. कोट्यवधि तारे आणि अब्जावधि वर्षें श्रोत्यांच्या डोक्यावरून वाहत जातात. शेवटीं वेळेअभावीं प्रश्नोत्तरें घेतां येत नाहींत याबद्दल दिलगिरी! अशाच एका सभेनंतर जिना उतरतांना आम्हीं शेजारच्या गृहस्थांस विचारलें, "काय ऐकलेंत?" ते सद्गदित होऊन म्हणाले, "केवढें अफाट आहे हो सगळें! तेथें माणसाची ती काय कथा?" उद्गार प्रामाणिक होता, परंतु देवळांत पुराण ऐकून परतणाऱ्या आजीबाईंच्या तोंडींहि तो तितकाच शोभला असता. विश्वाचें वय सुमारें १३८० कोटी वर्षें आहे, हें त्यांस आतां ठाऊक झालें होतें. तें कोणत्या रीतीनें मोजलें, आणि उद्यां कोणी निराळाच आंकडा सांगितला तर त्याला काय विचारावें, हें मात्र ठाऊक झालें नव्हतें.

कोणी म्हणेल, त्यांत बिघडलें काय? बिघडतें तें असें. व्यासपीठावरून मोठ्या नांवाच्या माणसानें सांगितलेली अगम्य गोष्ट खरी मानावयाची, ही संवय ज्यांस लागली, त्यांच्यापुढें दुसऱ्या दिवशीं त्याच व्यासपीठावर 'क्वांटम' शक्तीनें सांधेदुखी घालविणारा कोणी उभा राहिला, तर ते त्याला कोणत्या बळावर नाकारणार? शब्द तेच, पडदा तोच, टाळ्याहि त्याच. घरांतील आजाऱ्याचें औषध बंद करून असल्या उपचारांमागें धांवलेलीं कुटुंबें आमच्या कित्येक वाचकांच्या पाहण्यांत असतील.

हा धोका नवा नव्हे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांसाठीं नाताळांतील व्याख्यानें १८२५ पासून होऊं लागलीं, आणि त्याच सुमारास मायकेल फॅरडे यांनीं तेथें शुक्रवारच्या सायंकाळचीं व्याख्यानें सुरू केलीं. फॅरडे हे स्वतःच अशा व्याख्यानांचें फळ. पुस्तकबांधणीच्या दुकानांत उमेदवारी करीत असतांना १८१२ सालीं त्यांनीं हम्फ्री डेव्ही यांचीं व्याख्यानें ऐकलीं, टिपणें लिहून आणि बांधून डेव्हींकडे पाठविलीं, आणि पुढच्याच वर्षीं ते त्या संस्थेंत नोकरीस लागले. परंतु पाव शतकाहून अधिक काळ असा विद्येचा उत्सव चाललेल्या त्याच लंडनमध्यें १८५३ सालीं, भोंवतीं बसून हात टेकले कीं मेजें अदृश्य शक्तीनें फिरूं लागतात, असें शिकलेसवरलेले लोक मानूं लागले! फॅरडे यांनीं चिडून व्याख्यान झोडलें नाहीं. त्यांनीं एक साधें उपकरण केलें: दोन फळ्या, मध्यें कांचेच्या कांड्या, आणि वरची फळी किंचित् सरकली तरी हलणारी एक काडी. हात नकळत फळी ढकलीत होते हें काडीनें उघड केलें. आणि ती काडी बसणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें ठेवतांच मेज फिरावयाचें थांबलें. पुढच्या वर्षीं, १८५४ सालीं, फॅरडे यांनीं मनाच्या शिक्षणावर व्याख्यान दिलें. त्यांच्या खेदाचें सार असें कीं, लोकांची मोठी उणीव निर्णयशक्तीची आहे, आणि ती उणीव त्यांस स्वतःस दिसतहि नाहीं.

ह्यावर त्यांनीं योजिलेला उपाय त्यांच्या मेणबत्तीवरील व्याख्यानांत पाहावा. १८६०-६१ च्या नाताळांत मुलांपुढें दिलेलीं तीं सहा व्याख्यानें. विषय एक मेणबत्ती. ज्योतीच्या मध्यांतील वाफ कांचेच्या नळीनें बाहेर काढून नळीच्या दुसऱ्या टोंकाशीं पेटविली, कीं जळतें तें मेण नसून मेणाची वाफ, हें मुलांस डोळ्यांनीं दिसे. वक्त्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचें कारणच उरत नसे.

"आजचें पदार्थविज्ञान मेजावर मांडतां येत नाहीं," असा एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. तो आम्हांस मान्य नाहीं. ज्या शोधाच्या स्मरणार्थ विज्ञानदिन पाळावयाचा, तो रामन् यांनीं १९२८ सालीं कलकत्त्यास लावला तेव्हां सूर्यप्रकाश, रंगीत गाळण्या, एक द्रव आणि माणसाचा डोळा, एवढ्या सामग्रीवर त्याचें प्रथमदर्शन झालें. गाण्याची निकामी तबकडी ट्यूबलाइटखालीं तिरपी धरली तर सुटे सुटे रंगपट्टे दिसतात, आणि साध्या तारेच्या दिव्याखालीं अखंड पट्टा दिसतो. सूर्यांत कोणतीं द्रव्यें आहेत हें येथें बसून कसें कळलें, ह्या प्रश्नाचा दरवाजा तेथेंच उघडतो. उणीव आहे ती यंत्रांची नव्हे. आठ दिवस अगोदर प्रयोग जुळवून पाहण्याच्या कष्टांची.

आणि हें आपल्याकडे होत नाहीं असेंहि नाहीं. पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या 'आयुका' संस्थेचे संस्थापक जयंत नारळीकर (ते २०२५ सालीं निवर्तले) स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांस सांगत कीं, एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून धाडा. उत्तराखालीं माझी सही मिळेल. २००८ सालीं त्यांनीं सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची परीक्षा घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्यांतून ज्योतिषांनीं निवड करावयाची होती; नाणें उडवून जें साधलें असतें त्याहून अधिक कांहीं साधलें नाहीं. हें फॅरडे यांच्या काडीचेंच मराठी रूप होय. मुंबईंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनीं २००९ पासून 'चाय अँड व्हाय?' ह्या नांवाच्या बैठकी भरविल्या. त्यांच्या नांवांतच 'कां?' आहे.

म्हणून व्याख्यानें भरविणाऱ्यांकडे आमचें मागणें थोडें, पण निश्चित आहे. सत्कार आंखडा. एका संध्याकाळीं एकच गोष्ट सांगा आणि तिचा प्रयोग करा. सिद्ध काय, अनुमान काय, आणि अद्यापि कोणासच न कळलेलें काय, हें निरनिराळें सांगा. निम्मा वेळ श्रोत्यांच्या प्रश्नांस द्या, आणि मराठींतील प्रश्नाला मराठींत उत्तर द्या. गर्दी कमी झाली तर होऊं द्या. नवल वाटणें ही भूक आहे, आणि भुकेल्याला पक्वान्नांचीं चित्रें दाखवून जेवण झाल्याचें समाधान मानणें ही फसवणूक आहे.

वाचकांकडेहि एक मागणें आहे. पुढच्या व्याख्यानास मुलांमुलींसह अवश्य जा, पण शेवटीं उभे राहून एवढेंच विचारा, "हें आपणांस कसें कळलें?" खरा शास्त्रज्ञ ह्या प्रश्नानें सुखावेल, कारण त्याचें सारें आयुष्य त्याच प्रश्नांत गेलेलें असतें. जो रागावेल, त्याची शाल आणि श्रीफळ त्याला लखलाभ असो. आपण मुलांस घेऊन घरीं यावें आणि मेणबत्ती पेटवावी.